‘जुने फर्निचर’ खोलीतले पाप

टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी चालते त्या लांब दालनाच्या टोकाला एक खोली होती. दारावर पाटी होती, ‘जुने फर्निचर’. आत एक टेबल, एक खुर्ची आणि एक लोखंडी कपाट होते, पण ते जुने नव्हते आणि खोलीही त्यांच्यासाठी नव्हती. टेबलावर विजेची किटली, हाडाची पातळ पट्टी, डिंकाची बाटली आणि ब्रश असे. रोज सकाळी दहाला दहा मिनिटे कमी असताना एक गृहस्थ तिथे येऊन बसत, बाह्या दोनदा दुमडत आणि किटलीचे बटण दाबत. त्यांच्या बोटांची टोके कायम चकचकत, म्हणून गल्लीत सगळे त्यांना डिंकोबा म्हणत.

“तुमचं काम तरी काय नक्की?” असे कुणी विचारले, की डिंकोबा म्हणत, “फाटलेली पाकिटं चिकटवतो.” हे अर्धे खरे होते. चिकटवत ते होतेच. न फाटलेली पाकिटे आधी उघडायचेही तेच, आणि तेही असे, की पाकिटाला पत्ता लागू नये. किटलीच्या वाफेवर झाकण धरायचे, आठ मोजायचे, पट्टी सरकवायची. आतले वाचून वहीत शेरा लिहायचा. शेरा साधा असला तर पत्र पुढे जायचे, साधा नसला तर कपाटात जायचे. परदेशातून येणारी सगळी पत्रे आणि यादीत नावे असलेल्या लोकांची पत्रे, दिवसाला चाळीस. देश सर्वाधिकाऱ्यांचा होता, त्यांची तसबीर किटलीच्या वरच लावलेली होती, आणि एकोणीस वर्षांच्या वाफेने तिच्या मिशा थोड्या खाली उतरल्या होत्या.

डिंकोबा मनाने पापभीरू कॅथलिक. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवायची नाही आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी पापनिवेदन करायचे, हा नेम. पापनिवेदनालाही ते कच्चे जात नसत. कागदाच्या चिठोऱ्यावर महिन्याची पापे क्रमाने लिहून न्यायचे, चर्चमधल्या ज्या जाळीआड फादर बसत तिच्यासमोर गुडघे टेकून वाचायचे आणि बाहेर येऊन चिठोऱ्याचे चार तुकडे करायचे. जुने फादर कानाने अधू होते. त्यांना सगळी पापे सारखीच ऐकू यायची आणि ते सगळ्यांना सारखेच प्रायश्चित्त द्यायचे. त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. मग जुने फादर निवृत्त झाले आणि नवे आले. त्यांचे कान शाबूत होते. पहिल्याच शनिवारी घोळ झाला.

“रागावलो, चार वेळा,” डिंकोबा वाचत होते. “तीनदा बायकोवर, एकदा किटलीवर. प्रार्थनेत झोपलो, दोनदा. पत्र वाचताना हसलो, तीन वेळा.”

“पत्र वाचताना हसण्यात काय पाप?” जाळीपलीकडून आवाज आला.

“पत्र दुःखाचं होतं, फादर. एका बाईनं दिराला लिहिलं होतं, नवरा जिन्यावरून पडला म्हणून. पण तो कसा पडला ते तिनं असं काही लिहिलं होतं, की मला हसू आवरेना.”

“तुम्ही तिचे दीर का?”

“छे हो.”

“मग तिचं पत्र तुमच्या हातात कसं?”

“माझं कामच ते,” डिंकोबा म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. इतकी वर्षे जाळीपलीकडून कुणी विचारलेच नव्हते. मग त्यांनी किटली, पट्टी, आठ मोजणे, शेरा, कपाट, सगळे शिस्तीत सांगितले.



“आणि तुम्ही पाप म्हणून काय सांगितलंत?” फादर शेवटी म्हणाले. “हसलो म्हणून?”

“हो. दुसऱ्याच्या दुःखाला हसू नये.”

“अहो भले गृहस्थ, चोर घरात शिरला, पेटी फोडली, आणि कबुलीला येऊन सांगतोय, जाताना चपला घालूनच सतरंजीवर पाय दिला!”

डिंकोबांना हे लागले. “चोरी कशी? सरकारी हुकूम आहे. आणि बायबलात संत पौलानंच लिहिलंय, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा.”

“लिहिलंय. पत्रातच लिहिलंय. पण ते पत्र त्यानं सगळ्यांनी वाचावं म्हणून पाठवलं होतं.”

डिंकोबांनी सवयीने मागे वळून पाहिले आणि आवाज खाली आणला. “म्हणजे सर्वाधिकाऱ्यांचं राज्यच पाप, असं म्हणायचं का? रस्ते स्वच्छ आहेत, रांगा सरळ आहेत, चर्चला कुणी हात लावलेला नाही.”

“राजा असो, मंडळ असो, एकटा असो, धर्म खुर्चीचं माप घेत बसत नाही. खुर्चीवरचा माणूस लोकांना माणसं समजतो की सामान, एवढंच विचारतो. आता ज्याला कुणी ‘का’ म्हणून विचारूच शकत नाही, त्याच्या हातून ते फार दिवस नीट होत नाही, हे मी पाहिलंय. पण सर्वाधिकाऱ्यांचं पाप सर्वाधिकारी सांगतील, आले तर. तुमचं तुम्ही सांगा.”

“पण हुकूम...”

“प्रत्येक हुकूम कायदा नसतो. आपल्याकडं फार जुनी व्याख्या आहे. कायदा विवेकाला धरून हवा. सगळ्यांच्या भल्याचा हवा. ज्याच्यावर लोकांची जबाबदारी आहे त्यानं केलेला हवा. आणि चौथं म्हणजे, जाहीर केलेला हवा. यातलं एक जरी नसलं, तरी तो मनाला बांधत नाही.”

पहिल्या तिन्हींवर डिंकोबा वाद घालू शकले असते. विवेक, भले, जबाबदारी ही मतामतांची गोष्ट. पण चौथ्याला राजपत्रातला क्रमांक असतो आणि तारीख असते. तो क्रमांक त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

“पुन्हा करणार नाही, असा निश्चय आहे?” फादरांनी विचारले.

“फादर, सोमवारी दहाला दहा कमी असताना...”

“मग पापक्षमा आज नाही. निश्चय झाला की या. आणि येताना कपाटाचा विचार करून या. घेतलेलं परत करावं लागतं. गाय गोठ्यात बांधून ठेवून चोरीची क्षमा मिळत नाही.”

चिठोरा न फाडता डिंकोबा घरी आले.

आता अडचण अशी होती, की चार आठवड्यांनी त्यांच्या नातीचे पहिले कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणे, होते. नात सात वर्षांची, तोंडाची टकळी कधी बंद नाही, म्हणून घरात तिला टिटवी म्हणत. पांढरा झगा शिवून आला होता. पुढे टिटवी, मागे आजोबा, त्यांच्या मागे आजी, असे रांगेत जायचे, हे टिटवीने स्वतः ठरवून शिकवणाऱ्या सिस्टरांना सांगून टाकले होते. पापक्षमा नाही तर ख्रिस्तप्रसाद नाही. म्हणजे भर चर्चमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आजोबा बाकावर बसून राहणार आणि टिटवी मागे वळून मोठ्याने विचारणार, “आजोबा, या ना, का बसलात?”

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, याची रंगीत तालीम झाली. प्रसादाची रांग लागली आणि डिंकोबा बसून राहिले. घरी येताच बायकोने चपला काढता काढता विचारले, “काय हो, गुडघा दुखतोय की आत्मा?”

“गुडघा.”

“कुठला?”

डिंकोबांनी क्षणभर विचार केला आणि तेवढ्यात ते पकडले गेले.  संध्याकाळी बायकोने त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना तेल चोळले, जरा जास्तच जोरात.

सोमवारपासून डिंकोबांनी मधला मार्ग काढला. पत्र उघडायचे, पण वाचायचे नाही. नजर तसबिरीकडे ठेवून कागद बाहेर काढायचा, तसाच घडी करून आत सारायचा आणि चिकटवायचा. पण शेऱ्याच्या रकान्याचे काय? ‘साधे’ लिहावे तर ते खोटे. खोटे बोलणे हे पाप तर चिठोऱ्यावर नेहमीच वरच्या क्रमांकावर. म्हणून त्यांनी सरळ लिहिले, ‘वाचले नाही’. रोज चाळीस वेळा. शनिवारी ते मोठ्या आशेने जाळीसमोर गेले. फादर म्हणाले, “दुसऱ्याच्या घरात शिरून डोळे मिटून बसलात. शिरलात ते शिरलातच.”

सोमवारी वहीही साहेबांकडे पोहोचली होती. साहेब म्हणजे खोलीवर देखरेख करणारे अधिकारी, डिंकोबांहून बारा वर्षांनी लहान, पोटाच्या विकाराने त्रस्त.

“काका, हे काय? ‘वाचले नाही’, ‘वाचले नाही’. चष्मा हरवला का?”

“नाही साहेब. मला जरा एक क्रमांक हवा होता.”

“कसला?”

“पत्रं उघडण्याचा जो हुकूम आहे, तो कुठल्या राजपत्रात छापलाय, त्याचा क्रमांक आणि तारीख. मला पापनिवेदनात द्यायचाय.”

साहेबांनी दार लावून घेतले. “काका, बरं वाटतंय ना?”

“एकोणीस वर्षं झाली. मी कधी मागितला नाही, ही माझीच चूक. क्रमांक मिळाला, की मी कामाला मोकळा.”

“असं काही छापतात का कधी?”

“म्हणजे छापलेलंच नाही?”

“मी तसं कुठं म्हणालो?”

“मग छापलंय?”

“तसंही म्हणालो नाही!” साहेबांनी पोटावर हात ठेवला. “निवृत्तीला तुमचं वर्ष राहिलंय एक. कशाला सुखाचा जीव दुःखात घालताय?”

डिंकोबांनी खिशातून अर्ज काढला. तीन प्रती होत्या, समास सोडून, सुवाच्य अक्षरात. ‘विषय: टपाल उघडून वाचण्याच्या आदेशाचा राजपत्र क्रमांक मिळणेबाबत.’ टपाल खात्याचा नियमच असा होता, की कर्मचाऱ्याने आदेशाचा क्रमांक लेखी मागितला तर अर्ज वर पाठवावाच लागे. हा नियम मात्र राजपत्रात छापलेला होता, आणि डिंकोबांनी त्याचा क्रमांक व तारीख अर्जाच्या तळाशी लिहिली होती. साहेबांनी अर्जाकडे असे पाहिले, जसे कुणी ताटात पडलेल्या पालीकडे पाहावे. पण तो वर गेला.

वर, मुख्यालयात, तो ज्या कारकुनाच्या टेबलावर पडला त्याला ‘जुने फर्निचर’ माहीत नव्हते. माहीत नसणे ही त्या खोलीची खासियतच होती. त्याच्याकडे एक छापील उत्तर तयार असे. परदेशी वार्ताहर जेव्हा केव्हा विचारत, की तुमच्याकडे लोकांची पत्रे फोडतात म्हणे, तेव्हा ते धाडायचे. विषय तोच दिसला. कारकुनाने नाव भरले, सही आणली, शिक्का मारला आणि पाठवून दिले. बाराव्या दिवशी ते डिंकोबांच्या हातात आले. डिंकोबांनी ते उभ्यानेच वाचले, मग बसून वाचले.

‘आपण नमूद केलेले काम या खात्यात चालत नाही. असे काम करण्याचा आदेश कोणाही कर्मचाऱ्यास कधीही देण्यात आलेला नाही. पत्राची गुप्तता आमच्या राज्यात पवित्र मानली जाते.’

त्या दिवशी डिंकोबांनी किटली लावली नाही. साहेब आले तेव्हा चाळीस पत्रे टेबलावर बंदच होती.

“काका, वाफ कुठाय?”

डिंकोबांनी कागद पुढे केला. साहेबांनी वाचला. मग सही पाहिली. सही इतक्या वरची होती, की तिच्याकडे मान उंच करून पाहावे लागावे.

“हे खोटं आहे,” साहेब कुजबुजले.

“साहेब!” डिंकोबा दचकले. “खाली सही बघा कुणाची आहे. तुम्हीच असं म्हणालात तर मी कुणाकडं बघायचं?”

साहेबांनी घाईघाईने तसबिरीकडे पाहिले आणि शब्द गिळला. “मी तुम्हाला हुकूम देतो, उघडा पत्रं.”

“लेखी द्याल?”

साहेबांनी पेन काढले. टोपण उघडले. पुन्हा लावले. हुकूम लेखी द्यावा तर वरच्या सहीला खोटे पाडल्यासारखे, आणि हुकूम मोडला म्हणून शिक्षा द्यावी तर आधी हुकूम होता हे कबूल करावे लागणार. ज्या लबाडीने एवढी वर्षे लोकांना बांधले होते, तिनेच आता साहेबांचे हात बांधले. ते खुर्चीत बसले. खुर्ची एकच असल्यामुळे डिंकोबा उभे राहिले.

“आणि या कपाटाचं काय?” साहेबांनी थकून विचारले.

“यात तीनशे सोळा पत्रं आहेत. थांबवलेली म्हणावीत तर थांबवण्याचं काम इथं चालत नाही. म्हणजे ती नुसती राहून गेलेली पत्रं. आणि राहून गेलेलं पत्र सापडलं, की त्याच दिवशी पोचतं करावं, असा नियम छापलेलाच आहे. क्रमांक सांगू?”

“नको!” साहेब ओरडले. मग त्यांची नजर कपाटावर अडली. त्यांचा थोरला भाऊ सात वर्षांपूर्वी सीमेपलीकडे गेला होता. त्यानंतर त्याचा ठावठिकाणा नव्हता, निदान साहेब घरी आईला तसे सांगत. “तारखेप्रमाणे लावलीत?”

“आडनावाप्रमाणे. आणि आत तारखेप्रमाणे.”

साहेब उठले, कपाट उघडले, बोट फिरवत एका जागी थांबले आणि चार पाकिटे काढून कोटाच्या आतल्या खिशात घातली. “मी जेवायला जातोय,” ते भिंतीकडे पाहत म्हणाले. “आज मला सव्वा तास लागेल. पोटाचं पथ्य आहे.”

डिंकोबांनी तीनशे बारा पत्रे दोन टोपल्यांत भरली आणि शेजारच्या दालनात वर्गवारीच्या टेबलावर नेऊन ओतली. तिथल्या बाईंनी एक उचलून शिक्का पाहिला. “अहो, हे पाच वर्षांपूर्वीचं!”

“टपाल खातं आहे, बाई,” डिंकोबा म्हणाले. “उशीर होतोच.”

पुढच्या तीन दिवसांत शहरात चमत्कारिक गोष्टी घडल्या. बेकरीवाल्याच्या विधवा बहिणीला सहा वर्षांपूर्वीची लग्नाची मागणी मिळाली. मागणी घालणारा आता शेजारच्याच गल्लीत दोन मुलांचा बाप होता, तरी तिने नवी साडी नेसून दोन दिवस त्याच्या दारावरून फेऱ्या मारल्या. एका मास्तरांना तुरुंगातून सुटलेल्या मित्राचे पत्र आले, ‘मी येत्या मंगळवारी येतोय’. मित्र येऊन, राहून, भांडून परत जाऊनही चार वर्षे झाली होती.

चौथ्या दिवशी डिंकोबांना मुख्यालयाचा दुसरा कागद आला. हा छापील नव्हता. कुणीतरी डोके लावून लिहिला होता. ‘आपण “जुने फर्निचर” कक्षात जे काम केल्याचे सांगता ते अस्तित्वात नसल्याने, तेथील एकोणीस वर्षे सेवेत धरता येत नाहीत. आपली एकूण सेवा त्याआधीची बारा वर्षेच समजावी. उद्यापासून तिकीट खिडकीवर हजर व्हावे.’

बारा वर्षांच्या सेवेला निवृत्तिवेतन लागू नव्हते. डिंकोबांनी हा कागदही दोनदा वाचला. त्यातला तर्क चोख होता. त्यांना दोष काढता येईना, आणि तेच त्यांना सर्वांत जास्त लागले.

संध्याकाळी त्यांनी दोन्ही कागद बायकोपुढे ठेवले. तिने चष्मा लावून वाचले.

“म्हणजे एकोणीस वर्षं पाकिटं चिकटवत होतात ती...”

“आधी उघडत होतो.”

“परदेशातली सगळी?”

“सगळी.”

बायकोची धाकटी बहीण परदेशात होती. महिन्याला तिचे एक जाडजूड पत्र यायचे. त्याला ही तितकेच जाडजूड उत्तर लिहायची, आणि त्या उत्तराला तिचे पुन्हा उत्तर. 

“तिची पत्रंही?”

“हो.”

“तिनं तुमच्याबद्दल लिहिलेलं सगळं?”

“सगळं,” डिंकोबा म्हणाले. “घोरण्याचं. त्या लग्नातल्या भाषणाचं. आणि मी म्हणजे कुलूप आहे, किल्ली आतच राहिलेलं, असं तू म्हणाली होतीस म्हणून तिनं लिहिलं होतं, ते.”

बायकोने चष्मा काढला. डिंकोबांना वाटले, आता रडेल किंवा फोडणीची पळी फेकून मारेल. ती म्हणाली, “बरं झालं. तोंडावर सांगायची मला लाज वाटत होती.” मग जरा थांबून, “आणि वाचून एकदाही भांडला नाहीत?”

“भांडलो असतो तर वाचलं हे कळलं असतं.”

“एवढं वाचून घोरणं तरी बंद करायचं होतं,” ती म्हणाली आणि उठून आत गेली. त्या रात्री तिने दोन ताटे वाढली, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने त्यांच्या हातात बहिणीला लिहिलेले पत्र दिले. पाकीट उघडेच होते. “हे वाचा,” ती म्हणाली. “चोरून नको. माझ्यासमोर बसून वाचा, आणि मग चिकटवा.” पत्र अकरा पानी होते आणि सगळे त्यांच्याबद्दल होते. सातव्या पानावर डिंकोबांनी रुमाल काढला. नवव्या पानावर त्यांना इतके हसू आले, की बायकोने पाठीवर थोपटले.

शनिवारी ते जाळीसमोर गेले. या वेळी चिठोरा नव्हता.

“निश्चय झाला?” फादरांनी विचारले.

“झाला. कपाट रिकामं आहे. खोलीला कुलूप आहे. खरं सांगायचं तर, फादर, निम्मं धैर्यानं केलं आणि निम्मं क्रमांकानं.”

“क्रमांकानं का असेना. आणखी काही?”

“आहे. मुख्यालयाचं पत्र साहेब वाचत होते, तेव्हा त्यांचा चेहरा बघून हसलो. मनातल्या मनात. पण पुष्कळ.”

जाळीपलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. तो खोकला नव्हता. फादरांनी पापक्षमा दिली, आणि प्रायश्चित्त म्हणून वर्षभर तिकीट खिडकीवर कुणी पत्र लिहून मागितले तर लिहून द्यायचे आणि लिहिलेले विसरून जायचे, असे सांगितले. डिंकोबांना पहिला भाग सोपा वाटला.

रविवारी टिटवी पांढऱ्या झग्यात, हात जोडून, नाकाच्या शेंड्याकडे पाहत रांगेत सर्वांत पुढे उभी होती. मागे डिंकोबा, त्यांच्या मागे बायको. शेजारच्या रांगेत साहेब होते, आणि त्यांनी हाताला धरून आणलेल्या एक म्हाताऱ्या बाई. सात वर्षांनी आज पहिल्यांदाच त्या घराबाहेर पडल्या होत्या.

“आजोबा,” टिटवीने मान न वळवता, ओठही फारसे न हलवता विचारले, “तुम्ही काय पाप केलं होतं?”

“ते सांगायचं नसतं. गुपित असतं.”

“मी तर माझी सगळी वर्गात सांगितली. सिस्टर म्हणाल्या, यातली दोन पापंच नाहीत.”

“मग त्यांचं काय केलंस?”

“ठेवून दिली. पुढच्या वेळेला.”

फादर ख्रिस्तप्रसादाचे पात्र घेऊन पायरीवर येऊन उभे राहिले. टिटवीने डोळे मिटले, तोंड वाजवीपेक्षा बरेच मोठे उघडले, प्रसाद घेतला, “आमेन” म्हणाली आणि वळून कुठे बसायचे ते विसरून तिथेच उभी राहिली. आता डिंकोबांची पाळी होती. ते पुढे व्हायचे सोडून पायरीकडे पाहत राहिले. चार आठवड्यांत ती पायरी त्यांच्यापासून फार लांब गेली होती.

मागून बायकोचे कोपर बरगडीत आले. “अहो, सरका की पुढं,” ती कुजबुजली. “आता काय पायरीचाही क्रमांक मागणार आहात?”

डिंकोबा पुढे सरकले.